जांभळी बारव

आष्टीच्या वाटेवरच्या एका गावात पटकीची साथ शिरली, तेव्हा विहिरी निर्जंतुक करणाऱ्या तुकडीची मी प्रमुख होते. हैदराबादेहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली आणि हाताखालच्या चारही पुरुषांपेक्षा वयाने लहान; ते हुकूम मुकाट पाळत, पण चारचौघांत मत देत नसत. गावाला पिण्याच्या पाण्याची एकच बारव होती. तिच्यात लाल दवा, म्हणजे परमँगनेट, पडल्यावर लोकांनी तेच पाणी प्यायला हवे. ते नाल्यावर गेले, तर रोग पसरणार हे उघड होते.

मी बारवेचे तोंड मोजले, दोरी सोडून खोली घेतली, गुणाकार केला आणि दवा तोलून टाकायला लावली. थोड्याच वेळात पाणी वांग्यासारखे जांभळे झाले.

कारण क्षणात उमगले. बारव पायऱ्यापायऱ्यांनी खाली निमुळती होत जाते. मी तोंडाची रुंदी तळापर्यंत कायम धरली होती, म्हणून दवा जास्त पडली.

पायऱ्यांवर घागरी घेऊन बाया जमल्या. एकीने आत डोकावून विचारले, "लुगडी रंगवायची हायती का बाई?"

हशा पिकला. दुसरीने घागर उचलली. "चला गं नाल्यावर. हे इखाचं पानी कोन पील?"

तुकडीतले वृद्ध जमादार माझ्या कानाशी लागले. "बाईसाब, दवा अशीच कडक असती म्हना. चूक कबूल केली तं उद्या कुनी ऐकनार न्हाई. आमीबी न्हाई."

माणूस प्रामाणिक होता. धोका त्याने नेमका सांगितला होता. तरीही मी वरच्या पायरीवर उभी राहिले.

"दवा खरी आहे. हिशेब माझा चुकला. हे पाणी उपसून टाकते, आणि पहिला पेला मीच पिईन."

 मग लुगड्यांची चौकशी करणारी म्हणाली, "मंग आमची मोट घ्या. बैल मोकळेच हायती."

बैल जुंपले गेले. झऱ्यांचे नवे पाणी भरत गेले, आणि दुपारी बारव फिकट गुलाबी झाली. मी सर्वांसमोर पेला रिकामा केला. मोटेच्या मालकिणीने पहिली घागर बुडवली. "आता तर रुमालबी रंगायचा न्हाई!"

त्या दिवशी नाल्यावर एकही घागर गेली नाही.

दुसऱ्या सकाळी, पुढच्या गावाच्या बारवेवर, मी आकडे मांडत असताना जमादार भर गर्दीत गरजले, "थांबा बाईसाब! हिचा तळ तिरपा हाय. गनित बराबर येनार न्हाई."

मी आकडा खोडला आणि दोरी त्यांच्या हाती दिली. "तुम्हीच मोजा, जमादार."

ते दोन पायऱ्या उतरले असतील, तोच मागून दुसरा म्हणाला, "डाव्या अंगाला खडकबी हाय." मग तिसरा त्याला खोडू लागला. माझी तुकडी बोलू लागली होती.