लाभ, दोन, तीन…

मी सायन्सचा मास्तर. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की सांगणाऱ्याची पहिली फिरकी मीच घ्यायचो. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण लिहितोच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, आमच्या सौंसरची. मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे — चमकणाऱ्या वायूचा ढग, आणि त्याच्या पोटात नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा पुंजका. बाबांना तो निदान फोटोत तरी बघायचा होता. डोळे अधू, त्यात छातीचं दुखणं. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती.

तारे सरकतात, म्हणून कॅमेराही सोबत सरकवावा लागतो. मी दोन फळ्यांना बिजागरी लावून मध्ये स्क्रू बसवला. दर मिनिटाला हाताने एक फेरा द्यायचा, असे वीस. बाबांनी जन्मभर बाजारात धान्य मोजलेलं. सराव करताना मी "एक" म्हटलं की ते खेकसायचे, "एक नाही बे! पहिलं माप लाभ!"

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी लाइट गेली. आयता अंधार मिळाला म्हणून मी खूश! अंगणात कॅमेरा लावला, शटर उघडलं, तेवढ्यात आई ओरडली, "लवकर ये रे, तुह्ये बाबा कसेतरीच करून राहिले!"

सगळं तसंच टाकून धावलो. बाबा डोळे मिटून पडलेले, बोटं हवेत काहीतरी फिरवत होती. "लाभ..." बऱ्याच वेळाने, "दोन..." मी हाका मारत होतो, त्यांना ऐकूच येत नव्हतं. मध्येच खोकल्याची मोठी उबळ आली. शेवटी "वीस" म्हणाले आणि डोळे उघडले. "झालं. बंद कर आता."

अंगणात जाऊन बघतो तर काय, मी एकही फेरा दिला नव्हता, तरी स्क्रू पूर्ण आत गेला होता! फाटकाला आतून कडी, घरात आम्ही तिघंच. कसंबसं शटर बंद केलं.

फिल्म नागपूरला धुतली. खरं तर ताऱ्यांच्या लांब रेघा यायला हव्या होत्या... आले ठिपके! मधोमध लालसर ढग, त्याच्या पोटात पांढरा लख्ख पुंजका. बाबांच्या डोळ्यांजवळ फोटो धरला. बराच वेळ बघत राहिले, गालावर पाणी ओघळलं. मग म्हणाले, "मस्त आला. पण जरासं हललं असन. मले खोकला आला होता ना."

मी भिंग आणलं. प्रत्येक ताऱ्याला, एकाच बाजूला, बारीकशी शेपटी होती.

पुढे महिनाभरात बाबा गेले. पोरांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा मी, त्या शेपटीचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. स्क्रू फिरवताना सुरुवात मात्र आता "लाभ" म्हणूनच करतो.