आत्याचे तीन वाटे

आमची आत्या इस्पितळात एक्स-रे काढायची. तिची निम्मी शिल्लक बँकेच्या ठेवीत असे, पाव सरकारी रोख्यांत आणि पाव शेअर्सच्या फंडात. वर्षातून एकदा ती हे वाटे पुन्हा जुळवायची.

एका वर्षी शेअर्स भलतेच चढले. तिने फंडातले थोडे पैसे काढून ठेवीत टाकले.

"अगं, आत्ता कुणी विकतं का?" बाबांनी कपाळाला हात लावला.

"दादा, माझा वाटा पावच," ती म्हणाली.

पुढे बाजार कोसळला. बाबांनी घाबरून आपले सगळे शेअर्स विकले. आत्याने एक ठेव मोडून फंडाचा वाटा पुन्हा पाव केला.

सत्तावन्नाव्या वर्षी आत्याने ठरल्याप्रमाणे नोकरी सोडली. हल्ली ती पोहायला शिकतेय आणि नाकात पाणी गेलं की खो खो हसते.