आक्का आणि उशिरा आलेली डिस्क

आक्का कुणासाठी थांबत नसत. चहा उकळायच्या आत गाळायला लावत, एसटी सुटायला उशीर झाला की थेट ड्रायव्हरला गाठत. कॉम्प्युटरपुढं मात्र ह्याच बाईला जगातला सगळा वेळ असे. जिंतूरच्या माझ्या फोटो स्टुडिओतली यंत्रं दुरुस्त करायला त्या परभणीहून येत.

आमचे लग्नांचे व्हिडिओ चार डिस्क मिळून सांभाळतात. चालू होताना कॉम्प्युटर त्या आपोआप ओळखून एकत्र जोडतो. एक जरी कमी पडली तरी काहीच उघडत नाही. एका खंडेनवमीला मी चारही डिस्क बाहेर काढून पुसल्या, हळदकुंकू वाहिलं आणि परत बसवल्या. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला तीनच सापडल्या.

नेमकी त्याच दिवशी सोनपेठची एक मुलगी तिच्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला यायची होती. तिच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत वडील वारले होते आणि त्यांचं चालतं-बोलतं चित्रण तेवढंच होतं. डिस्क नव्यानं जोडून बघू का, असं फोनवर विचारलं तर आक्का कडाडल्या, "हात लावू नको. नव्यानं जोडलं की जुनं गेलंच समज."

आल्या त्या माझा डबा खाऊनच कामाला लागल्या. एकेका डिस्कची विचारपूस केली. चारही शाबूत निघाल्या. मग झाकण उघडलं. एका डिस्कची वायर मी मूळ जागेऐवजी बाजूच्या जादा कार्डात खोचली होती. ते कार्ड जागं व्हायच्या आत कॉम्प्युटर डिस्क मोजून मोकळा होई. मी तर डिस्क मेली असंच धरून चाललो होतो.

"पंगतीला माणूस उशिरा आलं म्हून त्याला मेलं म्हणतेत का?" आक्का म्हणाल्या आणि वायर जागेवर लावली. व्हिडिओ उघडला. वडील जावयाला जिलेबीचा आग्रह करत होते. मुलगी हसता हसता रडायला लागली. पूजा कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाहेरूनच करायची असते, हे आक्का मला बसपर्यंत ऐकवत गेल्या.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. त्यांचा मुलगा आईचा एखादा व्हिडिओ आहे का विचारत आला. कॅमेरा दिसला की त्या पाठ फिरवत, त्यामुळं मला आशा नव्हती. बऱ्याच शोधानंतर कुणाच्या तरी लग्नात त्या क्षणभर सापडल्या. कॅमेऱ्यावर तळहात धरून म्हणत होत्या, "माझं काय काढायलास, नवरीचं काढ की."

मुलगा डोळे पुसत म्हणाला, "अजून एकदा लावा."