उशाचा दगड

“पाय उगवतीकडं करा! शेवटच्या दिवशी येशू तिकडून येईन, अन् हा माणूस त्याले पाठ दाखवत उठन काय?”

अमरावतीच्या मिशन कबरस्तानात कबरी खोदणारा म्हातारा असा खांदेकऱ्यांवर ओरडला, की तिकडे बडनेऱ्याला उभी असलेली गाडी गार्डाची शिट्टी न ऐकताच सुटायची. माझा झेंडूचा मळा कुंपणाला लागून. कबरींसाठी फुलं न्यायला तो यायचा आणि मेलेल्यांबद्दल असं बोलायचा, जणू सगळे धर्मशाळेत निजलेत आणि त्यांना वेळेवर उठवायचं काम ह्याच्याकडे आहे. एकदा तर त्याने गोऱ्या पाद्र्यालाही पेटी फिरवायला लावली.

त्याच्या बायकोने मात्र बाप्तिस्मा कधी घेतला नाही. ती गेली तेव्हा माहेरच्यांनी तिला नाल्यापलीकडे, मावळतीच्या मसणात जाळलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ह्याने स्वतःच्या कबरीची जागा आखली आणि उशाचा दगड रोवला तो उगवतीच्या टोकाला. म्हणजे पाय नाल्याकडे.

मी कुंपणावरून म्हटलं, “काका, तुमी तं येशूले पाठ करून उठसान.”

“तो मले हुडकनच,” दगडाभोवतीची माती पायाने दाबत तो म्हणाला. “तिले मलेच हुडका लागन.”