चुडाव्याचं रक्त

माझ्या लेकीला गहू चालत नाही हे कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि चौथ्या वर्षातल्या पोरीएवढी दिसायची. पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या. परभणीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सीलिएक असं नाव सांगितलं. गव्हाचा कणसुद्धा द्यायचा नाही म्हणाले. असं होण्याची शक्यता रक्तातून येते, आईकडून नाहीतर बापाकडून, कधी दोघांकडून.

घरी आल्यावर आक्कांनी तेवढंच उचललं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. "चुडाव्याचं रक्त हाय ते," त्या म्हणाल्या. चुडावा माझं माहेर. "आमी वालूरचे. आज्या-पणज्यापासून पोळी खायलोत, कुणाचं पोट बिघडलं न्हाई."

मूल होत नाही म्हणून आक्कांना त्यांच्या नवऱ्यानं लग्नाच्या नवव्या वर्षी आणून सोडलं, ते कायमचंच. सासू मला पाहायलाच मिळाली नाही, पण आक्का होत्या. माझ्या नवऱ्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं, त्यामुळे त्यांच्यापुढं हे ब्र काढत नसत. अंगानं लय वाळक्या बाई, रक्त कमी, जेवल्या की पोट धरून बसायच्या. जीभ तेवढी धडधाकट.

मी लेकीला ज्वारीची भाकरी सुरू केली. मी त्यावरच वाढले होते. दोन-तीन महिन्यांत पोरीच्या गालावर मांस आलं, मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुन्हा जुलाब सुरू झाले. कसं काय, कळेना. शेवटी पोरगीच बोलली. शाळेतून आली की आत्या तिला तूप-साखर लावलेली पोळी भरवायची, आईला सांगू नको म्हणायची.

मी जाब विचारला तर म्हणाल्या, "गड्यासारखी भाकर खाऊन लेकराचं अंग धरतंय का? तुझ्या माहेरची दळभद्री सवय माझ्या भाचीला कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे समोरच होते, मोबाइलातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं आणि म्हणाले, आमच्या दोघांची जनुकांची तपासणी करा. डॉक्टर म्हणाले, मुलीच्या उपचारासाठी त्याची काही गरज नाही. म्हणलं, मला गरज आहे. मला कागद पाहिजे होता, आक्कांच्या तोंडावर फेकायला.

रिपोर्ट आला. ज्या दोन जनुकांपैकी एखादं असल्याशिवाय हा आजार सहसा होतच नाही, त्यातलं एकही माझ्यात नव्हतं. ह्यांच्यात होतं. तसं ते पुष्कळ लोकांत असतं आणि बहुतेकांना काहीच होत नाही, असं डॉक्टर समजावत होते, पण माझं लक्ष कुठलं! मी मनातल्या मनात वालूरला पोचले होते.

मग त्यांनी ह्यांना विचारलं, "तुम्हाला भाऊ-बहीण?" मीच सांगितलं: आक्कांचं वाळणं, पोट, रक्त, आणि मूल न होणं. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, त्यांना घेऊन या. हा आजार अंगात दबून राहिला तर काही बायकांना मूल राहत नाही.

आक्का आधी येईनात. "मला काय झालंय?" भाचीची शपथ घातली तेव्हा आल्या. रक्त झालं, दुर्बिणीची तपासणी झाली, आणि तेच निघालं. आक्कांना बाहेर बसवून मी डॉक्टरांना एकटीनं विचारलं, मूल झालं नाही ते ह्याच्यामुळंच का? ते म्हणाले, असेल, नसेलही. आता कुणीच सांगू शकणार नाही.

घरी आल्यावर आक्का स्वयंपाकघरात खाली बसल्या. रिपोर्ट मांडीवर होता. जन्मात पहिल्यांदा त्या माझ्याशी हळू बोलल्या.

"तवाच कळलं असतं, पोळी सोडली असती, तर मला लेकरू झालं असतं का गं?"

डॉक्टरांचं उत्तर माझ्या ओठावर होतं. ते सांगितलं असतं तर त्यांना निदान रात्री डोळा लागला असता.

"झालं असतं," मी म्हणाले. "चार झाली असती."

त्यांनी तोंडाला पदर लावला. खोटं कशाला सांगू, मला लय बरं वाटलं.