शिडीचं बटण

माझी जाऊ मोहाच्या झाडाखाली उताणी पडली होती. डोळे अर्धे उघडे, तोंडात चिखल, लुगड्याचा पदर एका बाजूने करपलेला. मी तिच्या नाकापुढे हात धरला. काही लागलं नाही. पावसात हाताला काय लागणार म्हणून गाल नेला. तरी काही नाही.

झाडाखालच्या बाकीच्या बाया इकडेतिकडे फेकल्या गेल्या होत्या. कोणी बसून रडत होती, कोणी कान दाबून धरले होते. मी ओरडले, "फोन लावा कोणीतरी." पण फोन कोणाजवळच नव्हता. सगळ्यांचे फोन बंद करून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते, आणि पिशवी त्याच मोहाच्या फांदीला टांगली होती. आता ती खाली पाण्यात पडली होती. दोघींनी धावत जाऊन पिशवीतले फोन काढले. एखाद-दोन चालू झाले, पण चिखलाच्या ओल्या बोटांना काच दाद देईना. एकजण काचेवर बोट घासत "चाल ना रे बाबा, चाल ना" म्हणत रडत होती.

माझा फोन माझ्या कमरेला होता. चालू होता. आणि त्याला बटणं आहेत.

फोन मूळचा माझ्या नातीचा. तिने हौसेने मागवला, थोडे दिवस वापरला आणि कंटाळली. "आजी, याच्यात पिक्चर पाहाले गेलं तं हिरो मुंगीएवढा दिसते," म्हणाली. तिने मोठ्या काचेचा घेतला, हा माझ्याकडे आला. मला पिक्चर बघायचा नव्हता. मला एवढंच बघायचं होतं की हा माझं बोट ओळखतो की नाही. तोवर एकाही यंत्राने ओळखलं नव्हतं. मी लहानपणापासून बिड्या वळल्या आणि लग्न झाल्यापासून दर पावसाळ्यात चिखलात धानाची रोपं लावली, रोवणा केला. बोटांवरच्या रेघा केव्हाच गेल्या. रेशनच्या दुकानातलं मशीन माझा अंगठा घेत नाही. मुलाच्या फोनची काच माझं बोट घेत नाही. मुलगा म्हणायचा, "माय, हळू लाव." हळू लावलं तरी नाही, दाबून लावलं तरी नाही. मी मेलेली आहे असं ते यंत्र समजत असावं.

या फोनचं बटण दाबलं की खाली जातं, सोडलं की वर येतं. पहिल्या दिवशी मी तेवढंच करत बसले होते. दाबलं की नाही हे बोटालाच कळतं, डोळ्यांना विचारावं लागत नाही. बिडी वळताना मी पानाकडे बघत नाही. बघायला लागलं की उलट बिघडते. हा फोन त्या जातीचा निघाला.

तो तळहातात मावतो. वर आखूड चौकोनी पडदा, खाली बटणांच्या ओळी. मला त्या धानाच्या बांध्यांसारख्या दिसल्या. बारक्या बारक्या बांध्या आणि मधून मातीचे धुरे. बटणांवर इंग्रजी अक्षरं आहेत. मी चौथीपर्यंत शिकले, त्यात इंग्रजी नव्हतं. म्हणून मी त्यांना दिसतील तशी नावं ठेवली. एक बांगडी, एक खुंटी, एक गांडूळ, एक शिडी. नातीने एकेका बटणात एकेक माणूस बसवून दिलं. बटण दाबून धरलं की त्या माणसाला फोन लागतो. बांगडीत माझा मुलगा. खुंटीत धानाची गिरणी. गांडुळात जावेची मुलगी, ती चिखल्याला खाणीच्या कॉलनीत राहते. शिडीत नातीने अँबुलन्स टाकली.

मी म्हटलं, "हे कायले? इथं कोण मरून राहिलं?"

"असू दे नं आजी. शिडी रिकामीच आहे."

फोनमध्ये उणं नाही असं नाही. बटणं बारकी आहेत, जाड बोटाखाली दोन-दोन येतात, म्हणून मी अंगठ्याच्या टोकाने दाबते. मराठी अक्षर एकाही बटणावर नाही, त्यामुळे मी कोणाला काही लिहून धाडत नाही. सगळ्यांत लांब बटणावर अंगठा ठेवला की फोन उघडतो म्हणे. माझा अंगठा त्यानेही घेतला नाही, तेव्हा नातीने कुलूपच काढून टाकलं. एकदा भंडाऱ्याला दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने उलटासुलटा करून विचारलं, "आजी, हिशोबाची मशीन हाये का हे?"

जावेजवळ फोन नव्हता. संध्याकाळी ती माझ्याकडे यायची आणि गांडूळ दाबायची. दुसरं एकही बटण तिला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. "बाई, तुह्या टिकटिक्या दे," म्हणायची. मुलीशी पोटभर बोलायची आणि परत देताना फोनला नावं ठेवायची.

तर त्या दिवशी आम्ही करडीच्या शिवारात रोवणा करत होतो. बाया खालच्या बांधीत धानाचे परे लावत होत्या, गडीमाणसं वरच्या बांधीत चिखल करत होती. दुपारी आभाळ काळं झालं आणि गडगडायला लागलं. आमच्याकडे लोकांचं पक्कं मत आहे की मोबाईल वीज ओढतो, आणि बंद केला की ओढत नाही. एकीने पिशवी फिरवली. सगळ्यांनी आपापले फोन बंद करून त्यात टाकले.

मी टाकला नाही. मी विचारलं, "बंद फोन ईज ओढत नाई, हे कोण पाहून आलं?"

"सगळ्याईले माहीत हाये, बाई."

"मंग इजेले वरतून कसं समजते, कोणता चालू अन् कोणता बंद?"

जाऊ हसली. "हिले सगळं इचारून पाहिजे. उद्या यम आला तं त्यालेही इचारन, रेडा कोणत्या बाजारातून आणला म्हणून."

पाऊस आला. बाया धुऱ्यावरच्या मोहाखाली गेल्या. मीही निघाले, तर पिशवीवालीने हात आडवा केला. "चालू फोन घेऊन आमच्यात येऊ नोको, म्हातारे."

"बंद कर नं बाई," जाऊ म्हणाली. "काहून सोंग करून राहिली?"

सोंग नव्हतं. हा फोन बंद केला की पुन्हा चालू होताना काय काय विचारत बसतो, आणि मला ते वाचता येत नाही. मग नात येईपर्यंत फोन मुका. पण एवढं सगळं ओरडून कोण सांगणार. मी मेनकापड डोक्यावर ओढलं आणि दूर एका आडव्या धुऱ्यापाशी उकिडवी बसले, रागातच. तिथून मला झाड दिसत होतं. जाऊ खोडाला पाठ लावून उभी होती आणि मला हाताने ये, ये करत होती.

मग सगळं पांढरं झालं.

मी तिच्याजवळ पोचले तेव्हाचं वर सांगितलंच आहे. फोन काढला. शिडी मधल्या ओळीत अगदी डाव्या कडेला आहे, तिला लागून गांडूळ. डोळ्यांत पाणी होतं, अंगठ्यानेच चाचपलं आणि तो घसरला. "हॅलो, मोठी आई," जावेची मुलगी बोलली. मी एक अक्षर न बोलता कापला. तिला काय सांगणार होते. पुन्हा कडेपर्यंत गेले आणि शिडी दाबून धरली.

एका बाईने उचलला. मला कमी ऐकू येतं म्हणून नातीने फोन कायम मोठ्या आवाजावर ठेवलेला आहे. पावसातही तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. जिल्हा विचारला, तालुका विचारला. माझं माहेर पूर्वी भंडाऱ्यातच होतं, आता गोंदिया जिल्ह्यात मोजतात. तिकडे असते तरी सवयीने भंडाराच सांगितलं असतं आणि गाडी भलतीकडे गेली असती. इथे निदान ते बरोबर होतं.

"गाडी निघते आहे, आजी. त्यांचा श्वास चालू आहे का?"

"नाई."

"छातीच्या मधोमध तळहात ठेवा. त्यावर दुसरा हात. जोरात दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. थांबू नका. मी मोजते."

मी फोन जावेच्या खांद्याशी ठेवला आणि दाबायला लागले. पहिल्यांदा मी घाबरत दाबलं. हाडं म्हातारी, तिचीही आणि माझीही. बाई म्हणाली, "आणखी जोरात." खाली गेलं, वर आलं. खाली गेलं, वर आलं. वर येतं हे हाताला कळत होतं, एवढाच मला धीर होता.

तेवढ्यात माझा दीर, म्हणजे जावेचा नवरा, गुरांच्या कोठ्यातून शेणाचं घमेलं घेऊन धावत आला. मागून आणखी दोघं.

"वहिनी, बाजूले सर. शेणात गाडू."

आमच्याकडे वीज पडलेल्याला शेणात गाडतात. अंगातली आग शेण ओढून घेतं म्हणतात. मी लहानपणी माहेरी एकाला गळ्यापर्यंत गाडलेलं पाहिलं आहे. तो मेला, तेव्हा त्याचं नशीब नव्हतं म्हणाले. जगला असता तर शेणाचं नाव झालं असतं.

"हिच्यात आग नाई," मी म्हटलं. "थंडी पडली हे."

"आजी, कोणाला मध्ये येऊ देऊ नका," फोनमधली बाई म्हणाली.

दीर फोनवर खेकसला, "तुमी तिकडं बसून काय सांगता जी? आमचं माणूस हाये." आणि मला म्हणाला, "वहिनी, पाया पडतो. मरून जाईन ते. सर."

त्याच्या हातातलं घमेलं सांडत होतं. त्याला दूर लोटायला मी एक हात काढला असता तर दाबणं थांबलं असतं, आणि भांडायला माझ्याजवळ दम नव्हता.

मी म्हटलं, "गाड. पण पाय गाड. कमरेच्या खाली तुह्यं, वर माह्यं."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. पायांवर, मांड्यांवर शेण थापायला लागला. मी वर दाबत होते, तो खाली थापत होता, फोन मोजत होता. मधूनच फोन थरथरायचा. चिखल्याहून मुलगी पुन्हा पुन्हा लावत होती. शेण उडून फोनवर पडलं. मला दम लागला तेव्हा पिशवीवाली बाई आपणहून समोर आली, माझे हात कसे आहेत ते नीट पाहून तसेच तिने ठेवले आणि दाबायला लागली. नंतर पुन्हा मी.

किती वेळ गेला मला माहीत नाही. जावेच्या घशातून आवाज आला, म्हैस पाण्यातून नाक काढते तसा. मग तिने चिखल ओकला.

"कुशीवर वळवा," फोनमधली बाई म्हणाली, आणि ती पहिल्यांदा घाईने बोलली.

दीर म्हणाला, "पाहा. ओढलं शेणानं."

मी तिला कुशीवर वळवून धरलं. 

तिला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथून गाडीने भंडाऱ्याला. चिखल्याची मुलगी त्या कापलेल्या फोनवरूनच निघाली होती. मोठी आई काही न बोलता फोन कापते म्हणजे काहीतरी झालं, एवढं तिला पुरलं.

दवाखान्यात मी जावेची पाठ पाहिली. तिच्यावर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उठली होती, देठ, फाटे, बारीक पानं सगळं. मला वाटलं भाजल्याचा डाग आहे, आता राहणार. पण ती हळूहळू पुसट होत गेली आणि एक दिवस दिसली नाही. कुठे गेली हे मी डॉक्टरला विचारलं. मोबाईल वीज ओढतो का, हेही विचारलं. तो म्हणाला, "नाही आजी. उंच झाड ओढतं." मी गावात येऊन सांगितलं, तर लोक म्हणाले, डॉक्टर काही रोवणा करत नाही. माझ्याच चालू फोनने वीज बोलावली असं अजून काहीजण म्हणतात. मी म्हणते, मी इकडे धुऱ्यावर आणि वीज तिकडे बंद फोनांवर, मग तिचा नेम फारच चुकला. तरी मत बदलत नाही. दीर तर शेणावर ठाम आहे.

शेवटी मी जावेलाच विचारलं, "तूच सांग, कायनं वाचली तू?"

"मले काय माहीत? मी तवा होती कुठं?" ती म्हणाली. "माह्या फासळ्या अजून दुखते अन् नाकातून शेणाचा वास जात नाई. दोघाईनंही छळलं मले."

तिला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. म्हणते, बरं झालं, टोमणे अर्धेच पोचतात. फोन उजव्या कानाला लावते.

फोन मी जुन्या दातांच्या ब्रशने धुतला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. चालू झाला. पण गांडूळ बसलं ते बसलंच. शेण आत जाऊन वाळलं होतं. मी सुईने कोरून पाहिलं, तरी ते खाली जात नाही. जावेने दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं.

"मले वाचवलं अन् माह्यं बटण मारलं," म्हणाली.

नातीने तिच्या मुलीला दुसऱ्या बटणात बसवून दिलं. जाऊ ते अजून चुकते आणि धानाच्या गिरणीला फोन लावते.

मोहाचं झाड वाळलं. त्याच्याखाली होत्या त्या सगळ्या बाया जगल्या. माझी जाऊ जगली.