दोघांपुरती होडी

खालापूरच्या टोलनाक्यापासून थोडं आत, भाताच्या खाचरांना लागून पत्र्याची एक मोठी शेड आहे. समुद्र तिथून दीड-दोन तासांवर, पण शेडीत होड्या आहेत. मुंबईच्या हौशी लोकांनी घेतलेल्या आणि दोन वर्षांत कंटाळून विकायला काढलेल्या. लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवल्यात, वर जायला शिडी. मी पदर खोचून शिडी चढत होते तेव्हा शेडवाल्याने खालून विचारलं, "काकी, किती जणं बसनार?"

"दोघं," मी म्हटलं.

"तसं नाय, पावणेरावळे धरून?"

"पाहुणे धरून दोघंच. पाहुणे नकोत म्हणून तर होडी घेतेय."

तो खो खो हसला. आमचे हेसुद्धा हसले. "मास्तरीण व्हती ना, बोलनं तसंच हाय तिचं," असं त्याला सांगून माझ्या वतीने माफीही मागून मोकळे झाले. मी चेष्टा करत नव्हते. इतकं सरळ बोललेलं दोन शहाण्या पुरुषांना विनोद वाटतो, तिथेच माझं टाळकं सरकलं, आणि ते अजून जागेवर आलेलं नाही.

भिवपुरी स्टेशनपासून वीस मिनिटं चाललं की आमचं घर. हे वीजघरात नोकरीला होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. यांचे दोन भाऊ, तीन बहिणी, त्यांची मुलं, मुलांच्या सासरची माणसं, सगळी ठाणे-डोंबिवलीकडे. पावसात धबधबे असतात म्हणून ती आमच्याकडे येतात. थंडीत पोपटी असते म्हणून येतात. उन्हाळ्यात माथेरानला जाता जाता येतात आणि माथेरानहून परतताना पुन्हा येतात. शनिवारची सकाळची शाळा करून मी घरी यावं, तर ओटीवर चपलांचा ढीग. लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यातले किती शनिवार मी पाठ टेकली, ते एका हाताच्या बोटांवर सांगेन.

पोपटीचं तर विचारूच नका. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पोपटी पुरुष लावतात, असा आमच्याकडे मोठा डौल. लावतात म्हणजे काडी लावतात. शेंगा निवडायच्या कुणी, कोंबडीला मसाला चोळायचा कुणी, मडकं भरायचं कुणी, दुसऱ्या दिवशी काजळलेली भांडी घासायची कुणी, हे कोणी विचारत नाही. हे जाळापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून हाक मारायचे, "अगं, पाणी आन गं सगळ्यांना." सगळे म्हणायचे, दादाच्या हातची पोपटी म्हणजे पोपटी!

अतिथी देव असतो म्हणतात. देवाचं मला काही सांगू नका. देवाला नैवेद्य दाखवला की ताट भरलेलं परत येतं. देव चहा दोनदा मागत नाही, आणि जाताना शेवग्याच्या शेंगा पिशवीत भरून नेत नाही.

एकदा मी हिय्या करून थोरल्या नणंदेला म्हटलं होतं, "वन्सं, घराची किल्लीच ठेवा तुमच्याकडे. कधीही या, रांधा, खा, राहा. मी तेवढे दोन दिवस माहेरी जाईन." तिने ते असं मनाला लावून घेतलं की वर्षभर पुरलं. "वैनी, किल्ली देतेस? आमाला हाकलतेस का?" त्यांना घर नको होतं. घरात चुलीपाशी मी हवी होते.

निवृत्त झाल्यावर एकदा लाँचने मांडव्याला जात होते. वाटेत एक छोटी होडी नांगरून उभी दिसली. तीवर दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. एक लुंगी, एक गाऊन, दोन टॉवेल. बस्स, तेवढेच. लाँच पुढे गेली तरी मी मान वळवून त्या दोरीकडे बघत राहिले. आमच्या परसातल्या दोरीवर शनिवार-रविवारी आठ-आठ टॉवेल असायचे. त्या दिवशी ठरवलं, दिवाळीनंतर पाऊस लागेपर्यंत पाण्यावर राहायचं. पावसाळ्यात होडी शेडीत आणि मी घरी, तेवढं सोसेन. पैसे माझ्या नोकरीचे होते, त्यामुळे यांना फार बोलता येईना. शिवाय इंजिनाचं नाव काढल्यावर यांचा विरोध तिथल्या तिथे मावळला.

तर ती शेड. शेडवाल्याने आधी आम्हाला बारा जणांची होडी दाखवली. गोल गाद्या, गाण्याचे डबे, निळे दिवे. हे गादीवर बसून खाली-वर होऊन बघायला लागले. "अगं, भावाची पोरं आली तं मस्त मावतील हितं." मी शिडी उतरले आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका होडीकडे गेले. ती गळाने मोठे मासे धरायच्या हौसेसाठी बांधलेली होती. मागचा सगळा भाग उघडा, कडेला गळाच्या काठ्या खोचायची भोकं, मधोमध मोठा मासा ओढायला एक फिरती खुर्ची, आणि बर्फाची पेटी एवढी मोठी की तीत माणूस झोपेल. पुढच्या टोकाला खाली तीन पायऱ्या उतरलं की केबिन. एक गादी, एक शेगडी, हात धुवायला टीचभर बेसिन, कपाटाएवढा संडास. मासे जास्त यावेत आणि माणसं कमी, असा विचार करूनच कोणीतरी ती बांधली असणार.

मी यांना बोलावून गादीवर आडवं व्हायला लावलं, शेजारी स्वतः आडवी झाले. तिसरं माणूस मावायला जागाच नाही.

"हीच," मी म्हटलं.

"काकी, ही राहायची नाय, फिशिंगची हाय," शेडवाला म्हणाला.

मग मी नळ सोडून बघितला, संडासाचा हातपंप मारून बघितला, शेगडीवर पातेलं ठेवून होडी हलली तर ते सांडेल का ते बघितलं. बाजारात मडकं वाजवून घेतात तशी होडी खालून बोटांनी वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. एका जागी आवाज बद्द आला. तिथे पाणी मुरलं होतं, वरून नुसता रंग फासला होता. शेडवाल्याचं हसू तेव्हा कुठे थांबलं. इंजिनं यांनी तपासली, ते त्यांचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं हे मी नाकारत नाही. पण घरी फोनवर भावाला सांगताना "मी होडी निवडली" म्हणाले. मी तिथेच उभी होते.

होडी दुरुस्त होऊन पाण्यात पडली आणि जागेचा प्रश्न आला. झकपक धक्के आहेत, पण तिथे रात्री होडीत राहू देत नाहीत. शेवटी पेणच्या पुढे खाडीतल्या एका कोळीवाड्यातल्या लोकांनी आपल्या धक्क्यावर लावायला परवानगी दिली. अट एकच. तो धक्का भरतीचा. ओहोटीला तिथे गुडघाभर चिखल उरतो, त्यामुळे भरतीला आत यायचं, पाणी-भाजी भरायची आणि पाणी उतरायच्या आत बाहेर खोल पाण्यात जाऊन नांगर टाकायचा.

पहिल्या दिवशी होडी बांधली यांनी. ऐन भरतीला, चारही दोर आवळून, एक वीतही ढील न ठेवता. आमच्याकडे म्हैस अशीच बांधतात, आखूड, म्हणजे शेजाऱ्याच्या वैरणीत तोंड घालत नाही. मग चहा प्यायला गेले. दोन तासांनी पाणी खाली गेलं, होडीला मात्र खाली जाता येईना. एका अंगाला लोंबकळायला लागली, कडेचा दोराचा खुंट स्क्रूसकट उपटून आला, शेगडी जाऊन गादीवर पडली.

म्हातारा तांडेल, ज्याला आम्ही होडी चालवायला शिकवण्यासाठी ठेवलं होतं, तो धावत आला आणि सुरीने दोर कापत म्हणाला, "म्हस हाय का ती, दावनीला बांदायला? पानी उतरल्यावर होरी कुटं जाईल?"

चूक झाली, होते. डोंगराच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसाला रोज दोनदा पाणी वर-खाली होतं हे कागदावर माहीत असतं, हाताला माहीत नसतं. मी काहीच बोलले नसते. पण संध्याकाळी फोनवर, भावाला हसत हसत: "हिनं बांधली व्हती रं. मी म्हनलं व्हतं ढील दे." त्या रात्री मी यांच्याशी बोलले नाही. चूक माझी आणि निवड यांची, असा हिशेब आमच्या घरात पहिल्यापासून चालत आलाय.

दुसऱ्या दिवसापासून मी तांडेलाजवळ शिकायला बसले. होडीला ब्रेक नसतो. धक्क्याला लागायचं तर वाहत्या पाण्याकडे तोंड करून, हळू, इंजिन मोकळं सोडून यायचं, म्हणजे पाणीच तिला थोपवतं. उधाणाच्या मोठ्या भरतीला किती ढील, भांगाच्या लहान भरतीला किती ढील. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. मी सगळं वहीत लिहून घेतलं, पाठ केलं, परीक्षा देऊन परवान्याचा कागदही घेतला. हे दोन दिवस आले. तिसऱ्या दिवसापासून धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत गप्पांना बसायला लागले.

राहायला जायचा दिवस ठरला तेव्हा हे म्हणाले, "नारळ फोडायला फकस्त चार मानसं बोलवू." मी गप्प बसले, ती माझी चूक. ऐन थंडी होती. दुपारची बाराची भरती. मी सामान लावून होडीत उभी, आणि धक्क्यावर मिनीबस आली. तेवीस माणसं उतरली. मागून चार मडकी, वालाच्या शेंगांची दोन पोती, कोंबड्यांच्या पिशव्या, पाल्याचा भारा. काहीही निवडलेलं नाही, धुतलेलं नाही.

थोरली नणंद काठावरून ओरडली, "वैनी, मसाला तूच चोळायचा गं! तुझ्या हातची चव कुनाला नाय!"

आणि हे, तेवीस जणांच्या मधोमध उभं राहून: "आधी चहा टाक गं. दोघादोघांना आत चढवतो, होरी बी बघून व्हईल."

माझा संताप सांगू का कसा होता? ओरडावंसंही वाटलं नाही. मी पुढचा दोर सोडला, मग मागचा सोडला. इंजिन आधीच चालू होतं. पाण्याने होडी आपसूक धक्क्यापासून दूर नेली. नणंदेला वाटलं मी होडी फिरवून दाखवतेय, तिने टाळ्या वाजवल्या.

खोल पाण्यात जाऊन नांगर टाकला, तो धरलाय का ते बघितलं, आणि अर्धा कप चहा केला. फोन वाजला.

"अगं, ये ना परत. लोकं खोळंबलीत."

"ओहोटी लागली. आता गाळात रुतेल."

"मग कवा येशील?"

"भरतीचं वेळापत्रक केबिनच्या दारावर लावलं होतं. महिनाभर होतं."

मग म्हणाले, "आनि ह्या कोंबड्या?"

मी फोन ठेवला. तासा-दोन तासांत धक्क्यापुढे चिखल उघडा पडला. आता कुणी मनात आणलं तरी माझ्यापर्यंत पोचणार नव्हतं, आणि मीही त्यांच्यापर्यंत नाही. मी फिरत्या खुर्चीत बसले आणि होडीबरोबर मिळालेली दुर्बीण डोळ्यांना लावली. खरं सांगते, फजिती बघायला लावली.

आधी सगळे नुसते उभे होते. मग यांनी बाह्या वर केल्या. पोतं ओतलं, मांडी घालून बसले आणि शेंगा निवडायला लागले. किडकी शेंग बाजूला, देठ मोडून टाकलेलं, बोटं भराभर चाललेली. कोंबडीला चिरा दिल्या, मसाला चिरांच्या आतपर्यंत चोळला. मडक्यात खाली पाला, मग शेंगा, अंडी मधोमध, म्हणजे फुटत नाहीत. टपरीवरून किटली आणली, पेले वाटले. पोपटी उतरल्यावर आधी आपल्या म्हाताऱ्या आत्याला वाढलं, हाडं काढून. थोरल्या बहिणीच्या नातीला अंडं सोलून दिलं. कुणाच्या पानावर काय नाही ते बघत वाकून वाकून फिरले, आणि सगळ्यांचं झाल्यावर खाली बसले.

नंतर माझ्या बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, सुधारले." सुधारले? मी आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं. पहिल्यांदा काम करणारा हात कसा अडखळतो ते मला कुणी सांगायला नको. हा हात कुठेच अडखळला नाही. ज्याला येत नाही त्याच्यावर रागावता येतं आणि मग तो राग विसरताही येतो. मी चौतीस वर्षं स्वतःला समजावत आले होते की पुरुषमाणूस, त्यांना जमत नाही, सोडून द्यावं.

त्या दिवशी ऊन कलता कलता यांचा फोन आला. मागे हसण्याचे आवाज, भांड्यांचे आवाज.

"अगं, तुज्यासाटी ठेवलीय. मीठ बरोबर पडलंय का सांगायला तू पायजे व्हतीस."

"बरोबर पडलंय," मी म्हटलं. "इथून दिसतंय. चौतीस वर्षं तुमच्या हातूनही बरोबरच पडलं असतं."